दुसरी थॉमसिन

थॉमसिन गूचच्या गळ्यात एक किल्ली असायची. झग्याच्या आत, छातीशी, मेणकट दोऱ्यात ओवलेली. गावातल्या बायकांना वाटायचं, मेली बंदी आलेल्या जुन्या पंथाचा क्रूस लपवतेय, पाद्रीबाबांच्या कानावर घालावं की काय. पण ती आपली साधी लोखंडी किल्ली होती, एल्शम गावच्या ऑड्री या विधवेच्या मागच्या खोलीची. त्या खोलीला गल्लीकडे उघडणारं स्वतःचं दार होतं. तिथे राहायचं, मोजे विणायचे, शनिवारी ऑड्रीबरोबर बाजारात विकायचे, आणि सकाळी कुणी हाक मारली म्हणून नव्हे तर झोप पुरी झाली म्हणून उठायचं. बाईला आयुष्यात एवढंच हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं की! धरलं होतं कुणी? कायद्यानं धरलं होतं. बिनलग्नाची बाई चाळिशीच्या आतली असेल, तर तिनं कुणाच्या तरी घरी चाकरीला असलंच पाहिजे. आपल्या चुलीवर आपलं भांडं ठेवून राहिली, की न्यायाधीशसाहेब तिला उचलून पुन्हा चाकरीला जुंपणार, आणि नाही म्हणाली तर कोठडीत घालणार. खुद्द लंडनच्या गादीवरच्या राणीसाहेब बिनलग्नाच्या, पण त्यांना चाकरीला कोण घालतो! कायदे असतात ते थॉमसिनसारखीसाठी.

चाळीस पुरी झाली की मात्र सुटका. थॉमसिन बाराव्या वर्षी चाकरीला लागली, त्याला अठ्ठावीस वर्षं होत आली होती. सप्टेंबर सरता सरता मायकेलमसचा सण येतो, त्या दिवशी साऱ्या मुलखात चाकरांची वर्षं संपतात. यंदाच्या मायकेलमसला तिला चाळीस पुरी होत होती.

तिची सगळी चाकरी एकाच बाईपाशी गेली. उर्सुला तिचं नाव. मोठ्या शेतवाडीच्या घरची लेक. तिच्या आईला दूध नव्हतं, म्हणून उर्सुलाला गूचांच्या झोपडीत पाजायला ठेवली. थॉमसिनच्या आईच्या एका कुशीत थॉमसिन, दुसऱ्या कुशीत उर्सुला. दोघींचा बाप्तिस्माही एकाच रविवारी, एकाच पाण्यात झाला. दूध सुटलं तशी एक गव्हाच्या पांढऱ्या पावाकडे गेली, दुसरी जवाच्या काळ्या पावापाशी राहिली. पुढे उर्सुलाचं लग्न झालं, नवरा मेला, दुसरं लग्न झालं. आणि दर वेळी लग्नाच्या पेटाऱ्याबरोबर पेटारा जावा तशी थॉमसिनही गेली.

हा दुसरा नवरा म्हणजे निकोलस थर्केटल. गडी उर्सुलापेक्षा आठ वर्षांनी लहान, दुसऱ्या गावचा, बोलायला मोकळा आणि डोक्यात हवा गेलेला. जमीन होती, आता त्याला 'खानदानी' व्हायचं होतं. दारावर लावायला ढाल-तलवारीचं चिन्ह मागायला त्यानं लंडनला माणूस पाठवला होता. फक्त त्या चिन्हाला वारस नव्हता.

तर सेंट जॉनच्या दिवशी, जूनच्या भर उन्हाळ्यात, थॉमसिननं रीतसर तीन महिने आधी चाकरी सोडत असल्याचं सांगितलं. सांगायला दोन साक्षीदार लागतात, म्हणून गिरणीवाली बाई आणि गुराखी रॉबर्ट यांना घेऊन ती जेवणाच्या दालनात उभी राहिली. वरच्या टोकाला धनी-मालकीण पांढरा पाव खात होते, खालच्या टोकाला गडीमाणसं राय नावाच्या हलक्या धान्याचा भुरा पाव.

"धनी, या मायकेलमसला मी चाकरी सोडतेय," ती म्हणाली. "हे दोघं ऐकतायत."

निकोलस घास चघळायचा थांबला. "सोडतेस? कुणी नवरा गटवलास की काय म्हातारपणी?"

"नवरा कशाला धनी, एक ताप कमी आहे का? मला चाळीस पुरी होतात."

"चाळीस!" निकोलस मांडीवर थाप मारून हसला. "अगं, तुला आणि हिला तुझ्या आईनं एकदमच पाजलं ना? सगळा गाव सांगतो. मग ही पण चाळीसची? ऐकलंत का उर्सुलाबाई, तुमची ही दासी तुम्हाला म्हातारी करायला निघालीय!"

गडीमाणसं हसली. उर्सुलाही हसली. ते हसू थॉमसिननं बरोबर ओळखलं. सहा वर्षांच्या असताना साय चोरून खाल्ल्यावर आईसमोर उर्सुला असंच हसली होती आणि मार थॉमसिनला बसला होता.

"छत्तीस," उर्सुला म्हणाली. "मी छत्तीसची आहे हे तुम्हाला ठाऊक नाही का?"

"गेल्या वर्षीही छत्तीसच म्हणाली होतीस," निकोलस म्हणाला, "पण जाऊ दे, बायकांची वर्षं मोजायला कोण बसतो! थॉमसिन, तू आणखी चार वर्षं कुठे जात नाहीस. तुझ्यासारखं दुधाचं चीज या तालुक्यात कुणी करत नाही. चाळीस असशील तर न्यायाधीशांपुढे सिद्ध कर."

म्हणजे गोम अशी होती. थॉमसिन चाळीसची ठरली की उर्सुलाही चाळीसची ठरणार.

शनिवारी दुपारी थॉमसिन उर्सुलाच्या मागे चिमटा घेऊन बसायची. दर शनिवारचं काम होतं ते. टोपी काढायची, केस राखेच्या पाण्यानं धुवायचे आणि पांढरा दिसला की उपटायचा. उपटलेले केस थॉमसिन लगेच विस्तवात टाकायची. त्या शनिवारी उर्सुलानं आरसा मांडीवर उपडा ठेवला.

"टॉम्सी, चार वर्षं थांब ना गं."

"चार वर्षांनी ऑड्री मावशी असेल का? ती खोली असेल का?"

"मी तुला वेगळी खोली देते. दूधघराच्या वरची."

"तिला दार आहे का, बाई? तिचा जिना तुमच्या स्वयंपाकघरात उतरतो."

उर्सुलानं मांडीवरचा आरसा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्याला मूल हवंय. अजून होईल म्हणून तो माझ्याशी गोड बोलतो. चाळीसची म्हटलं की मी वाळलेलं झाड. गेल्याच महिन्यात मला ऐकवून म्हणाला, अमक्यानं वांझ बायकोला माहेरी धाडली. मला माहेर उरलंय कुठे?"

थॉमसिनला तिची दया आली. खरंच आली. लहानपणापासून या बाईची दया येऊन येऊनच तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

"मी तुमचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "माझा पुरावा मी शोधीन. तुम्ही फक्त आड येऊ नका."

"नाही येणार. मी तोंडच उघडणार नाही. आईच्या दुधाची शपथ."

आई थॉमसिनची, आणि शपथ उर्सुला घेत होती! पण थॉमसिननं ती धरून ठेवली.

मग ती पुरावा शोधायला निघाली. पहिल्यांदा गेली चर्चच्या कारकुनाकडे. सायमन फेन नावाचा हा बुटका गृहस्थ, शाईनं बोटं कायम काळी. वरून हुकूम आला होता की गावोगावच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या कागदी वह्या टिकत नाहीत, तेव्हा त्या कातडी पानांवर नव्यानं उतरवून काढा. सायमननं वर्षभर घासून तेच काम केलं होतं.

"माझं नाव काढा जरा," थॉमसिन म्हणाली. "राणीसाहेब चाळीस वर्षांपूर्वी गादीवर आल्या, त्याच्या सात आठवडे आधीचं."

"आधीचं?" सायमननं लेखणी खाली ठेवली. "अगं बाई, हुकुमातच म्हटलंय, निदान राणीसाहेबांच्या राज्यापासूनचं उतरवा. मग मी तिथूनच सुरू केलं. त्याच्या आधीचं कशाला उतरवू? डोळे माझे जातात."

"मग जुनी वही द्या."

सायमननं मान वळवली आणि आत बायकोला हाक मारली. बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "जुनी वही? अहो, सुगीच्या जेवणाला मी सफरचंदाचे केक भाजले ना, त्यांच्या तळाला घातली पानं. चांगला जाड कागद होता हो, चिकटत नाही."

सुगीच्या जेवणाला थॉमसिननं त्यातले दोन तुकडे खाल्ले होते. "म्हणजे माझ्या बारशाला मीच जेवले म्हणायचं," ती म्हणाली. तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं सायमनच्या दारातच उरकलं.

पण डोकं तिचं तल्लख होतं. रस्त्यात तिला सुचलं, आणि ती उलट्या पावली परत गेली. "सायमनदादा, नवी वही राणीच्या पहिल्या वर्षापासून आहे ना? मग तिच्यात माझं नाव नाही, याचाच अर्थ मी त्याआधीची! होय की नाही?"

सायमननं डोकं खाजवलं. "तसं म्हटलं तर... हो की."

त्या दिवशी थॉमसिन गाणं म्हणत घरी आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तिनं विचारून पाहिलं. लोहाराची आजी म्हणाली, तू ओल्या गवताच्या वर्षी झालीस. तिचा दीर म्हणाला, छट्, गाय विहिरीत पडली त्या वर्षी. दोघं दुपारभर भांडली आणि शेवटी गाय कुणाची होती यावर येऊन थांबली. धर्मआईबाप तर तेव्हाच तापाच्या साथीत गेले होते. तेव्हा पुरावा काय तो एकच राहिला, वहीत नसलेलं नाव.

मायकेलमसच्या आदल्या आठवड्यात न्यायाधीश सर ऑस्टिन वेल्बी यांच्या वाड्यावर सुनावणी झाली. साहेब नुकतेच हरणाच्या मांसावरून उठले होते, दाढीला रस्सा तसाच. निकोलस आणि उर्सुलाला बसायला बाक मिळाला. पाद्रीबाबांना खुर्ची मिळाली. सायमन भिंतीला टेकून उभा राहिला. थॉमसिन दालनाच्या मधोमध उभी होती. तिला कशाला टेकायचं ते कळत नव्हतं.

तिनं आपलं म्हणणं न अडखळता सांगितलं. साहेबांनी ऐकलं, नवी वही चाळायला लावली. नाव नव्हतं.

"बाई बोलतेय ते मुद्द्याचं आहे," साहेब म्हणाले. थॉमसिनचा हात नकळत झग्याच्या आत किल्लीवर गेला.

तेवढ्यात सायमन खाकरला. "साहेब, एक सांगायचं राहिलं. राणीसाहेबांच्या चौथ्या वर्षापासून नवव्यापर्यंतची पानं ओलीनं चिकटून गेली होती. ती उतरवता आली नाहीत. तेव्हा त्या वर्षांत जन्मलेल्यांचीही नावं नाहीत."

"म्हणजे ही छत्तीसची असली तरी नाव नसणार, आणि चाळीसची असली तरी नसणार?"

"तसंच, साहेब."

"मग झालं काय!" साहेबांनी वही मिटली. "कुणी माणूस आहे का सांगणारं?"

"माझी बायको आहे ना," निकोलस बाकावरून म्हणाला. "एकाच आईचं दूध प्यायल्यात दोघी. हिच्याइतकं कोण सांगणार? सांग गं, म्हणजे एकदाचं मिटेल."

उर्सुला उठली. थॉमसिन तिच्याकडे बघत राहिली. बोलू नकोस, एवढंच. ठाऊक नाही म्हण आणि बस खाली.

"साहेब," उर्सुला म्हणाली, "माझ्याबरोबर जी दूध प्यायली, ती ही नव्हे. ती पहिली थॉमसिन. ती वर्षभरात गेली. गूचांना पुढे चार वर्षांनी मुलगी झाली, तिला त्यांनी तेच नाव ठेवलं. ही दुसरी थॉमसिन. मी छत्तीसची, आणि ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ही बत्तिसाची आहे, साहेब. बाराव्या वर्षी माझ्याकडे लागली, त्याला वीसच वर्षं झाली."

दालनात कुणालाच नवल वाटलं नाही. का वाटावं? गेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला द्यायचं, ही तर घराघरातली रीत. लोहाराच्या घरी तीन जॉन झाले, दोन मातीत आणि एक भात्यावर. खुद्द साहेब म्हणाले, "माझ्याआधीही एक ऑस्टिन होऊन गेला. नाव वाया कशाला घालवायचं!"

"साहेब, माझ्याआधी कुणी नव्हतं!" थॉमसिन ओरडली. "मी आईची पहिली!"

"तुला कसं ठाऊक? तू होतीस का तेव्हा तिथे?"

सगळे हसले. पाद्रीबाबासुद्धा हसले.

"तिचं थडगं दाखवा मग!"

"गरिबाच्या तान्ह्या पोरावर दगड कोण लावतो, बाई?" साहेब म्हणाले. आणि ते खरंच होतं.

मग मात्र थॉमसिनचा तोल सुटला. "या खोटं बोलतायत! यांनाच चाळीस पुरी होतायत! नवऱ्यापासून लपवायचं म्हणून मला पुरताय तुम्ही, उर्सी! माझ्या आईच्या दुधाची शपथ घेतली होतीत ना?"

निकोलसनं बायकोकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. टोपीखालून कानशिलावर आलेले उर्सुलाचे केस तपकिरी आणि तुकतुकीत होते. शोधूनही एक पांढरा सापडला नसता. कसा सापडेल? सहा वर्षांच्या शनिवारांची मेहनत होती ती, थॉमसिनच्या स्वतःच्या हातची.

"ही चाळीसची?" साहेब हसले. "माझी बहीण चाळीसची आहे, पांढरीफटक झालीय."

"आणि माझे केस बघा ना साहेब!" थॉमसिननं टोपी ओढून काढली. निम्मं डोकं पांढरं होतं. "हे बत्तीस वर्षांचे केस आहेत का?"

"कष्टाची माणसं लवकर पिकतात," साहेब जरा मायेनंच म्हणाले. "टोपी घाल. आणि मालकिणीवर पुन्हा असा आळ घेतलास तर तळ्यात बुचकळायची शिक्षा देईन. लिही रे. चाळीस पुरी झाल्याचं सिद्ध होत नाही. सिद्ध होईपर्यंत बाईनं याच घरी चाकरी करावी."

किती वर्षं, ते त्यांनी लिहिलंच नाही. सिद्ध होईपर्यंत. परत येताना गाडीत निकोलस खुशीत शीळ घालत होता. थॉमसिन मागे चीजच्या रिकाम्या टोपल्यांत बसली होती. तिला जगातलं सगळं सहन झालं असतं. पण आपली चाळीस वर्षं उचलून कुण्या न जन्मलेल्या पोरीच्या नावावर मेलेली म्हणून टाकली, हे तिला सहन होत नव्हतं. पहिलं बोलणं, पहिलं पाऊल, आईच्या कुशीतली ती उजवी बाजू, सगळं त्या पहिलीचं झालं. तिला स्वतःचा हात बघून खात्री करून घ्यावीशी वाटली.

ऑड्रीचा निरोप एल्शमच्या गाडीवानाबरोबर आला. खोली मार्चपर्यंत ठेवते, त्यापुढे नाही. मला पण पोट आहे. थॉमसिननं किल्ली परत पाठवली नाही.

शनिवार आला. उर्सुला खिडकीपाशी येऊन पाठ करून बसली. तिनं ताटलीत पांढऱ्या पावाची एक जाड चकती आणली होती, वर लोणी. लोणी थॉमसिननंच घुसळलेलं होतं.

"खा ना, टॉम्सी."

थॉमसिननं हात लावला नाही. तिनं टोपी काढली, केस धुतले.

"बोल की काहीतरी. शिव्या दे. मला दुसरं काही सुचलंच नाही गं. त्यानं बोट दाखवलं आणि मी उठले, उठल्यावर आपोआप तोंडातून आलं." उर्सुलाचे खांदे हलत होते. "पुढे कधीतरी मीच सांगेन त्यांना, तुला चाळीस झाली म्हणून. मी चाळीसची म्हणवायला लागले की."

"बाई," थॉमसिन म्हणाली, "पुढच्या मायकेलमसला तुम्ही कितीच्या?"

उर्सुलानं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात निकोलस कुत्र्याशी खेळत होता, त्याचा आवाज आत येत होता.

"छत्तीस," ती म्हणाली.

"बरं," थॉमसिन म्हणाली. "मान खाली करा. मागचे राहिलेत."

उर्सुलानं मान खाली घातली. डोक्याच्या मागच्या बाजूला, टोपीखाली, पांढरे बरेच झाले होते. तिथलं उर्सुलाला आरशात दिसत नव्हतं. टोपी उतरली की दिसायचं ते फक्त नवऱ्याला, आणि तिचं वय फुटलं की साक्षही फुटली. थॉमसिननं चिमटा घेतला, पांढरा केस बोटानं बाजूला सारला आणि त्याच्या शेजारचा तपकिरी उपटला. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी एक.

"आई गं! आज दुखतंय," उर्सुला म्हणाली. "पुष्कळ आहेत का?"

"आहेत पुष्कळ," थॉमसिन म्हणाली. "मार्चपर्यंत पुरतील." आणि मूठभर तपकिरी केस तिनं विस्तवात टाकले.